जबड्यात दोष, म्हणून मोफत

नाही, पिल्लाला हात नंतर. आधी ऐकून घ्या. त्या स्टुलावर बसा — ती प्लास्टरची पिशवी खाली ठेवा, सांडू नका, पाणी लागलं की दगड होतो तिचा — हां, बसा. तुम्ही विचारलंत ना, असल्या खोलीत मांजराचं पिल्लू कसं, म्हणून सांगतोय. नाहीतर मला कुणापुढे तोंड उघडायची हौस नाही, मी दुसऱ्यांच्या तोंडांचं काम करतो. तर मंगळवार होता. साधा मंगळवार. इथेच बसलो होतो, हाच दिवा समोर, नि एका निवृत्त हेडमास्तरांची खालची कवळी चालली होती — डॉक्टर माप पाठवतात, मी मेणात दात बसवतो, मग पक्की कवळी करून देतो, एवढाच माझा धंदा — सहा दात लावून झाले होते, आठ राहिले होते, आणि अकराला फोन आला. घरमालकीणबाईंचा. माझ्या नाही हो, अक्काच्या. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. दोन गल्ल्या सोडून तिसऱ्या मजल्यावर भाड्याने खोली घेऊन राहायची, मांजरं पाळायची, पिल्लं द्यायची. बाई म्हणाल्या, अहो, तुमच्या अक्का दार उघडत नाहीयेत, नि आत मांजरं नुसती ओरडताहेत. मी म्हटलं, मांजरं ओरडतातच, गाणार थोडीच आहेत. आणि फोन ठेवला. आणि ते आठ दात लावले. — असं बघू नका माझ्याकडे. मेण तापलेलं होतं. अर्ध्यात सोडलं की दात सरकतात, सकाळपासूनचं काम मातीत जातं. आठ दात लावले, हात धुतले, ॲप्रन काढला, चपला घातल्या, गेलो. आणि तिथे आलेले डॉक्टर स्वतःच म्हणाले — मी विचारलंसुद्धा नव्हतं — की तुम्ही उडत आला असतात तरी उपयोग नव्हता, दोन-अडीच तास होऊन गेलेत. तेव्हा त्या आठ दातांबद्दल मला कुणी काही विचारू नये. तुम्हीही.

आता पिल्लाचं. तिथे चार जीव होते. आई आणि तीन पिल्लं. आईला घरमालकीणबाईंनी ठेवून घेतलं, ती जुनी, जिन्यातली सगळी तिला ओळखतात. दोन पिल्लं आधीच लोकांनी ठरवून ठेवलेली, ते लोक आठवड्यात येऊन घेऊन गेले, वर माझ्यापाशी हळहळूनही गेले, जाता जाता पिंजरा फुकट मिळेल का तेही विचारून गेले. राहिलं हे. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. का राहिलं? कार्डावर लिहिलंय ना मी — जनावरांच्या दवाखान्यात फळ्यावर लावलंय तेच वाचून आलात ना? — 'पर्शियन पिल्लू, जातिवंत, जबड्यात दोष, म्हणून मोफत. भेट संध्याकाळी चार ते सहा.' एवढं स्पष्ट लिहूनही लोक येतात आणि विचारतात, मोफत का? अहो, वाचता येतं ना? खालचा जबडा पुढे आलाय. खालचा डावा सुळा ओठाबाहेर राहतो. तोंड मिटलं तरी तो बाहेरच. माणूस असता तर डॉक्टरांनी पाठवला असता माझ्याकडे. मांजरांच्या प्रदर्शनात याला कुणी उभं करणार नाही, आणि पिल्लं काढायला तर मुळीच वापरायचं नाही, दोष पुढे जातो. बाकी खणखणीत आहे. खातं, खेळतं, उड्या मारतं. पण लोकांना कसं, फुकटही हवं आणि साजूकही हवं. धर्माची गाय आणि दात का गं नाय!

कोण कोण आलं ऐकायचंय? नको? तरी सांगतो. पहिल्या दिवशी एक गृहस्थ. आल्या आल्या कागद मागितले — आई कोण, बाप कोण, आजोबा कुठल्या देशातले. मी म्हटलं, तुम्हाला मांजर पाहिजे की जावई? कागद मागतो तो पिल्लू पाळत नाही, बाई, तो पुढच्या महिन्यात ते विकतो. मग एक नवराबायको. बायकोने कापडाचा नमुना धरावा तसं याला रंग बघायला उजेडात धरलं आणि नवऱ्याला म्हणाली, सोफ्यावर उठून दिसणार नाही रे, राखाडीवर राखाडी. एक जण म्हणाला, सुळा उपटता येईल का, तुम्ही दातांचेच आहात ना. त्याला मी दार दाखवलं. त्याच्या तोंडात वरचे दोन माझ्याच हातचे होते, नाहीतर आणखी काही दाखवलं असतं. फुकट ते पौष्टिक! फुकट लिहिलं ना, की माणसाचा खरा चेहरा दिसतो. मोल लावलं असतं तर निदान लाजेकाजेस्तव चार गोड शब्द बोलले असते.

तर आता तुम्ही. मधे बोलू नका, मी विचारीन तेवढंच सांगा. घर स्वतःचं? — भाड्याचं. बरं. घरमालकाला विचारलंय? — लेखी? — तोंडी म्हणजे काहीच नाही, तोंडाचं काय, आज एक उद्या एक. घरी कोण? — एकट्या. — आणि दिवसभर पोस्टात खिडकीवर बसता. म्हणजे हे दिवसभर एकटं. ते पडद्याला लोंबकळणार, तुम्ही संध्याकाळी थकूनभागून येणार आणि त्याच्यावर खेकसणार. नाही खेकसणार? सगळे असंच म्हणतात. मीही म्हणालो असतो. केस विंचरावे लागतात, ठाऊक आहे? रोज. एक दिवस चुकला की गुठळ्या होतात, गुठळी सोडवताना ओरबाडतं. हे बघा मनगट. आणि या सुळ्यामुळे कोरडं खाणं तोंडातून सांडतं, भिजवून द्यावं लागतं, ताटली सपाट लागते, खोल वाटीत याचं नाक बुडतं. मी प्लास्टर कालवायच्या रबरी वाटीचा काठ कापून ताटली केलीय. नवी वाटी हो, कोरी. प्लास्टर कालवलेल्या वाटीत देईन का मी याला? आणि रोज सकाळी वजन. तो तराजू प्लास्टरचा आहे, त्यावर. बसतं गुपचूप. कालच्यापेक्षा कमी भरलं तर समजायचं काहीतरी बिनसलंय. — कोण म्हणालं मला लळा लागलाय? तुम्ही म्हणालात? हसलात म्हणजे म्हटल्यासारखंच. हे बघा, हे पिल्लू आज इथून गेलं पाहिजे. आजच. तीन आठवडे झाले. माझ्या कामात केस चालत नाही. एकसुद्धा.

तुम्हाला वाटेल, केस तो केवढा. सांगतो केवढा. अक्का पूर्वी इथेच राहायची, माझ्याबरोबर, त्या आतल्या खोलीत. तिचे यजमान गेले तेव्हा मीच तिला घेऊन आलो, ये म्हटलं, दोघं आहोत आपण, तर ती मांजरीसकट आली. मांजरीचं मला कुणी बोललं नव्हतं. चार वर्षं काढली. मी दाराच्या फटीत कापड कोंबायचो, ती आतून मला चिडवायची. मग एकदा एका वकिलांची कवळी डॉक्टरांकडून परत आली. वरचीखालची दोन्ही. पुढच्या दोन दातांच्या वर, गुलाबी हिरडीत, आत, एक भुरा केस. दीड इंच. चीर गेल्यासारखा दिसत होता. डॉक्टरांनी चिठ्ठी पाठवली होती, वकीलसाहेब विचारतात, हा कुणाचा? — हसा, हसा. अक्काही अशीच हसली. मी म्हटलं, या घरात एकतर दात राहतील नाहीतर केस. ती हसतच होती. मग मी हसत नाहीये हे तिला दिसलं. पंधरा दिवसांत तिने खोली बघितली. तिसरा मजला, पाण्याची बोंब, पण घरमालकीण प्राणी चालवून घेणारी. मी अडवलं नाही. उलट पिंजरे मीच खाली उतरवून दिले, स्वतःच्या हातांनी, म्हणजे बघा, अगदीच काही माणुसकी सोडली नव्हती. तिचं वय साठ. रोज तीन मजले. आठ महिने. बोलणं बंद. ती बोलली नाही आणि मीही — थोरली ती होती ना? बोलायला तिने नको होतं का आधी?

कशासाठी सांगतोय हे तुम्हाला? तुम्ही पिल्लू न्यायला आलात. आणि तिची एक रीत होती, ती पाळल्याशिवाय मी कुणाला देणार नाही, मग तुम्ही पोस्टाच्या असा नाहीतर राजवाड्याच्या. प्रत्येक खेपेला तीनचार पिल्लं झाली की त्यातलं जे अधू असेल ते ती फुकट द्यायची. कुणाच्या कानाला खोट, कुणाचं शेपूट आखूड. पण फुकट म्हणजे उचला आणि चालू लागा असं नाही. तीनदा यायचं. पहिल्यांदा नुसतं जमिनीवर बसायचं, हात लावायचा नाही. दुसऱ्यांदा भरवायचं. तिसऱ्यांदा न्यायचं. विकत घेणाऱ्याला एकच फेरी, फुकटवाल्याला तीन. मी तिला म्हणायचो, उलटं आहे हे तुझं. ती म्हणायची, पैसे मोजलेली वस्तू माणूस टाकत नाही रे, फुकटची टाकतो, म्हणून त्याच्याकडून पाय मोजून घेते. तेव्हा तुमची आज पहिली खेप. बसा. हात लावू नका. गुरुवारी परत या. — हो, आज गेलं पाहिजे असं आत्ताच म्हणालो, ठाऊक आहे मला. दोन्ही खरं आहे. आणि बसून तरी काय बघणार, ते त्या टेबलाखालून बाहेर येतच नाही माणूस आला की. तीन आठवड्यांत एकाही पाहुण्याला तोंड दाखवलेलं नाही, मीच ओढून काढतो प्रत्येक —

हे काय?

हे बाहेर कसं आलं? काय म्हणालात तुम्ही त्याला आत्ता? नाही, आत्ता पुटपुटलात ते. — बत्तिशी? हे कुठून काढलंत? मी याला नाव ठेवलेलं नाही, मी 'ए' म्हणतो — बघा, पायावर चढलं तुमच्या — कुणी सांगितलं तुम्हाला हे नाव? — अक्काने?

थांबा. थांबा जरा. तुम्ही तिच्याकडे गेला होतात? किती वेळा? — मग मघापासून बोलला का नाहीत, बाई? — मी बोलू दिलं नाही. बरं. बरोबर आहे. — म्हणजे पहिली खेप झाली. आणि दुसरी? भरवलंत? कशात भरवलंत? — बशी उलटी घालून, तिच्या बुडावर. हं. हे नव्हतं सुचलं मला. आणि तिसऱ्या खेपेला गेलात तर कुलूप. — आणि घरमालकीणबाई गावाला गेलेल्या, जिन्यात कुणी नीट सांगेना, मग दवाखान्यात कार्ड दिसलं, आणि जबडा वाचून ओळखलंत. अस्सं. म्हणजे हे ठरलेलं होतं. तुमच्याच नावाने राहिलं होतं. आणि मी तीन आठवडे जगभराच्या तोंडाला लागत बसलो.

बत्तिशी. हसली का ती, नाव सांगताना? — मोठ्याने? तशीच हसायची. कवळ्या करणाऱ्याच्या बहिणीचं मांजर, म्हणे बत्तिशी. हे माझ्यावरच होतं, कळलं ना तुम्हाला? आणखी काय म्हणाली माझ्याबद्दल? नको, काही नको. — सांगा. — जगाला दात देतो आणि घरात दात-ओठ खातो. असं म्हणाली? एका परक्या बाईला? पहिल्याच भेटीत? वा. म्हणजे तुम्ही जमिनीवर पाय पसरून बसलात, चहा प्यायलात, माझी बदनामी ऐकलीत, आणि मी इथे दोन गल्ल्यांवर — बरी ओळख झाली तुमची. मी चार वर्षं शेजारच्या खोलीत होतो, मला तिने जमिनीवर बस म्हटलं नाही कधी. मी बसलो नसतो. पण म्हणायला काय जात होतं तिचं?

दुसरी खेप कधी होती तुमची? — सोमवारी? कुठल्या सोमवारी? — नाही, नीट आठवा. पोस्टात तारखेचे शिक्के मारता ना दिवसभर, तारीख सांगा. — म्हणजे आदल्याच दिवशी. संध्याकाळी. किती वाजेपर्यंत होतात? कशी होती? — डावा खांदा चोळत होती. तुम्हाला दिसलं ते. जिन्याने होतं म्हणाली. आणि तुम्ही काय केलंत? तीन मजले चढणारी साठीची बाई खांदा चोळतेय, आणि तुम्ही बशी उलटी घालून मांजर भरवत बसलात? डॉक्टर बोलवायचं नाही सुचलं? उलट्या बशा सुचतात! — म्हणालात? गाडी बोलावते म्हणालात? — दोनदा? — आणि ती काय म्हणाली?

परत सांगा.

'माझा भाऊ आहे ना दोन गल्ल्यांवर. वाटलंच तर त्याला फोन करीन.' हेच शब्द? — बरं. बरं. रडायला काय झालं तुम्हाला, तुमची कोण होती ती? दोन संध्याकाळींची ओळख. पुसा डोळे, पिल्लाला खारट लागेल. मी तुमच्यावर ओरडलो ते ओरडलो, मी सगळ्यांवरच ओरडतो, तुम्हाला ते ऐकून ठाऊकच होतं म्हणा. तुमची काही चूक नाही. बाहेरच्या माणसाने दोनदा विचारलं हे पुष्कळ झालं.

चला, उठा. टोपली आणलीत ती द्या इकडे. तिसरी खेप आहे ना ही, मग न्यायचं. रीत म्हणजे रीत. हा कापडाचा तुकडा खाली घालतो, याच्या अंगाखालचाच आहे, वास ओळखीचा लागेल. ही ताटली. राहू द्या तुमच्या उलट्या बशा, ही चांगली आहे, काठ मी घासून गुळगुळीत केलाय, ओठ कापणार नाही. हा कंगवा, बारीक दाताचा. वजन — तराजू नाही तुमच्याकडे? मग पोस्टात घेऊन जा आणि पार्सल म्हणून तोला, माझं काय जातंय. कालचं वजन कापडाला टाचलेल्या चिठ्ठीवर आहे. ये रे. ये. आत हो. नखं आत घे, अरे — गेलं. झाकण नीट लावा. डोकं वर काढू देऊ नका रस्त्यात. आणि परत आणायचं झालं तर — नाही, परत आणायचं नाही. पटलं नाही, जड झालं, घरमालक बोलला, काहीही झालं तरी कुणाला देऊ नका, रस्त्यात सोडू नका, मला कळवा, आणि मी बघीन. पण आणायचं नाही. चला. उजेड आहे तोवर पोहोचा. मला या खोलीचा केस न् केस पुसून काढायचाय, उद्या हेडमास्तरांची कवळी डॉक्टरांकडून परत येतेय, टोचते म्हणतात. शेवटचे आठ दात.

आता काय? दारात उभं राहून काय विचारताय? — केला का तिने फोन.

रोज करायची. रोज सकाळी नऊला. म्हणजे फोन नव्हे तो — एक रिंग द्यायची आणि कापायचा. पिंजरे उतरवताना जिन्यात मीच म्हटलं होतं तिला, बोलायची गरज नाही, पण एकटी राहणार आहेस, सकाळी एक रिंग देत जा, आहेस एवढं कळलं की झालं. मी उचलणार नाही, तू कापायचं. आठ महिने एक दिवस चुकली नाही. नऊला एक रिंग वाजायची, बंद व्हायची, मी दिवा लावून कामाला बसायचो. त्या मंगळवारीही नऊलाच आली. एक वाजली. मी दिव्याकडे हात नेला. दुसरी वाजली. मला वाटलं, कापायला विसरली. तिसरी. मग वाटलं, नाही, हिला बोलायचंय, आठ महिन्यांनी का होईना आली वठणीवर — आणि बरं वाटलं मला, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. म्हटलं, वाजू दे जरा. शेवटपर्यंत वाजला आणि थांबला. मग पुन्हा वाजायला लागला. फोन तिथेच होता, तुम्ही बसला होतात त्या स्टुलावर. हात पुरत होता. पण उचलायचं नाही असं ठरलं होतं, आणि ठरवलं मी होतं, म्हणजे मोडायचं असेल तर तिने — जा हो तुम्ही. जा आता. पिल्लू गुदमरेल.

मी उचलला नाही.